वाचकांचे प्रश्न : जुन्या संगणकांची मेमरी जमवताना

संगणकाच्या जुन्या मेमरीचे भाग जमवण्याच्या माझ्या छंदाविषयी मागील अंकात लिहिले, तेव्हा अशा कोरड्या विषयावर फार तर दोन-तीन पत्रे येतील, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात पत्रांचा गठ्ठाच आला आणि त्यातील निम्म्याहून अधिक पत्रांत एकच गोष्ट होती : घरात काहीतरी सापडले आहे, ते काय आहे हे कळत नाही आणि टाकवत नाही. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझे वडील साठच्या आणि सत्तरच्या दशकांत मुंबईतील एका मोठ्या कंपनीच्या ‘मशीन रूम’मध्ये नोकरीला होते. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चौकट मिळाली. चौकटीत तांब्याच्या केसासारख्या तारांची जाळी विणलेली असून, जिथे दोन तारा एकमेकींना छेदतात तिथे मोहरीएवढी काळी कडी ओवलेली आहे. भिंग लावून मोजले, तर एका बाजूने ५० आणि दुसऱ्या बाजूने ८० कड्या भरल्या. आई म्हणते, हा रेडिओचा भाग असावा. हे नेमके काय आहे? वरची धूळ दात घासण्याच्या ब्रशने काढली तर चालेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ब्रश आधी बाजूला ठेवा, मग पुढचे वाचा.

आपण कड्या मोजल्यात हे फार चांगले केलेत, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या मोजणीतच आहे. ही रेडिओची वस्तू नव्हे. ही संगणकाची ‘कोअर मेमरी’ आहे, म्हणजे सेमीकंडक्टर चिप येण्यापूर्वी सुमारे दोन दशके जगभरच्या संगणकांनी जिच्यावर काम केले ती मेमरी. प्रत्येक काळी कडी फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेल्या चुंबकीय मातीची आहे. कडीतून जाणाऱ्या तारेत विजेचा प्रवाह सोडला की कडी एका दिशेने चुंबकित होते आणि प्रवाह उलटा केला की दुसऱ्या दिशेने. एका दिशेला शून्य म्हणायचे आणि दुसरीला एक. वीज बंद केली तरी कडी आपली दिशा सोडत नाही. एका कडीत एक बिट मावतो, त्यामुळे आपल्या हातातील चौकटीत ५० गुणिले ८० म्हणजे ४,००० बिट आहेत.

आता ४,००० कड्यांना ४,००० स्वतंत्र तारा दिल्या असत्या, तर ते यंत्र कधीच उभे राहिले नसते. त्यावर काढलेली युक्ती अशी : कडीची दिशा पालटायला जेवढा प्रवाह लागतो त्याच्या निम्मा आडव्या तारेतून आणि निम्मा उभ्या तारेतून सोडायचा. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा एकट्याने ढकलला तर हलत नाही, दोघांनी एकदम खांदा दिला तरच सरकतो. तसेच येथे आहे. त्या आडव्या आणि त्या उभ्या तारेवरील इतर सर्व कड्यांना निम्माच धक्का बसतो आणि त्या जागच्या जागी राहतात. दोन्ही तारा जिथे भेटतात तेवढी एकच कडी पालटते. भिंगातून पुन्हा पाहिलेत तर शेजारशेजारच्या कड्या एकमेकींच्या उलट बाजूंना कललेल्या दिसतील आणि आडव्या-उभ्या तारांखेरीज आणखी दोन तारा सगळ्या कड्यांमधून फिरलेल्या आढळतील. त्यातील एक तार वाचनाची. कडीला शून्याकडे ढकलायचे, आणि ती आधी ‘एक’ असेल तर पालटताना या तारेत विजेचा बारीकसा ठोका उमटतो, शून्य असेल तर काहीच उमटत नाही. म्हणजे या मेमरीत वाचणे आणि पुसणे ही एकच क्रिया होती. प्रत्येक वाचनानंतर वाचलेला बिट लगेच परत लिहावा लागे आणि शून्य लिहायचे असेल तेव्हा कडीला अडवून धरण्याचे काम चौथी तार करीत असे.

या युक्तीचे श्रेय एका माणसाला देता येत नाही. हार्वर्डमधील आन वांग यांनी १९४९ साली वाचून परत लिहिण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील (एमआयटी) जे फॉरेस्टर यांनी आडव्या-उभ्या तारांची जाळी बसवली आणि १९५३ साली तिथल्या ‘व्हर्लविंड’ या संगणकात ती चालू करून दाखवली. पुढे आयबीएमने वांग यांना पेटंटपोटी ५ लाख डॉलर दिले आणि एमआयटीला १९६४ साली १ कोटी ३० लाख डॉलर. एवढी रक्कम मोजण्याजोगी ती वस्तू होती, कारण तिच्यापूर्वीचे पर्याय फार लहरी होते. कुणी पाऱ्याच्या नळीत ध्वनीच्या लहरी खेळवत ठेवी, तर कुणी दूरचित्रवाणीच्या पडद्यासारख्या काचनळीवर विद्युत्‌भाराचे ठिपके जपे.

आपल्याकडेही ही विद्या लवकर आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला आणि १९६० साली कामाला लागलेला संगणक, ज्याला १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले, त्याची मेमरी कोअरचीच होती. प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द त्यात मावत, म्हणजे ८१,९२० कड्या झाल्या.

आता आपली चौकट. कोअर मेमरीच्या बहुतेक चौकटी दोनच्या घातांत, म्हणजे ३२, ६४, १२८ अशा मापांत असतात. ६४ बाय ६४ ही नेहमी दिसणारी मांडणी. ५० बाय ८० असली मांडणी दशमान पद्धतीने पत्ते मोजणाऱ्या यंत्राची आणि अशा यंत्रांत भारतातील कार्यालयांत सर्वांत अधिक पोहोचलेले यंत्र म्हणजे आयबीएम १४०१. त्याच्या मेमरीत ४,००० अक्षरांचा एक संच असे आणि एक अक्षर एका चौकटीत मावत नसे. अक्षराचे सहा बिट सहा चौकटींत, तपासणीचा सातव्या चौकटीत आणि शब्द कोठे सुरू होतो ती खूण आठव्या चौकटीत, असे एकावर एक थर रचलेले असत. तेव्हा आपल्या वडिलांनी जपलेल्या चौकटीत ४,००० अक्षरांपैकी एकही अक्षर पुरते नाही; प्रत्येक अक्षराचा एकेक तुकडा मात्र आहे. मला ही गोष्ट फार आवडते.

वडिलांच्या कंपनीत १४०१ होता असे कुणी सांगितले, तर ओळख पक्की समजा. फक्त एका बाबतीत सावध राहा. चौकटीवर किंवा तिच्या कडेच्या पट्टीवर वर्षाचा काही उल्लेख सापडला, तर तेच वर्ष यंत्र भारतात आल्याचे धरू नका. अमेरिकेत वापरून झालेली १४०१ यंत्रे येथे आणून, दुरुस्त करून, भाड्याने देण्याची पद्धत होती. त्यामुळे यंत्र जन्माला आल्याचे वर्ष आणि वडिलांनी पाहिल्याचे वर्ष यांत बरेच अंतर असू शकते. आयबीएमने १९७८ साली भारतातील आपला व्यवसाय गुंडाळला.

सफाईबद्दल : ब्रश नको, ओले फडके नको, स्पिरिट नको. फेराइट बांगडीसारखे ठिसूळ असते, तारांवरचे इनॅमल जुने झालेले असते आणि एक तार तुटली तर ती पुन्हा ओवण्यासाठी लागणारी नजर आता फार थोड्यांकडे उरली आहे. कॅमेऱ्याची भिंगे साफ करण्याचा रबरी फुगा मिळतो, त्याने दुरून हळू वारा घाला आणि तेवढ्यावर थांबा. उरलेली धूळ राहू द्या. चौकटीला काचेचे झाकण असलेली खोल पेटी करून घ्या, पण काच जाळीला टेकता कामा नये.

आणि आईंना विचारून एक कागद लिहून काढा : वडील कोणत्या कार्यालयात, कोणत्या सालापासून, कोणत्या हुद्द्यावर होते, यंत्र मोडीत कधी निघाले, त्यांच्याबरोबरचे कोण हयात आहेत. त्यांचे ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, मशीन रूममधले छायाचित्र असेल तर त्याच पेटीत ठेवा. नुसत्या कोअर मेमरीच्या चौकटी जगात पुष्कळ आहेत. मुंबईतल्या अमुक कार्यालयातून, अमुक माणसाच्या पेटीतून आलेली ही एकच आहे.

प्रश्न : कोअर मेमरी वीज गेल्यावरही मजकूर धरून ठेवते असे आपण लिहिले होते. मग माझ्याकडील चौकटीत पन्नास वर्षांपूर्वीचा हिशेब अजून असेल का? मल्टिमीटर लावला तर तो पुसला जाईल का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कड्यांची दिशा दशकानुदशके टिकते, त्यामुळे शेवटच्या क्षणी त्यात जे होते त्यातील बरेचसे असण्याची शक्यता आहे. मात्र वरच्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे एक चौकट म्हणजे प्रत्येक शब्दाचा एकच बिट. पूर्ण चळत एकत्र असल्याखेरीज त्यातून वाचण्याजोगे काही निघणार नाही. मल्टिमीटरची भीती बाळगू नका. कडी पालटायला काही शे मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि तार सलग आहे की नाही हे तपासताना मीटर त्याच्या एका लहानशा अंशाएवढाच प्रवाह सोडतो. तारा तपासा, कागदावर नोंद करा. चुंबक मात्र जवळ नेऊ नका. मुलांच्या खेळण्यातला किंवा फ्रीजच्या दारावर चिकटवण्याचासुद्धा नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कोअर मेमरी माझ्या खिशाला परवडणारी नाही. थोड्या पैशांत अर्थपूर्ण संग्रह कसा सुरू करावा?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : कोअर मेमरीच्या नादाला न लागता सुरुवात करणे हेच शहाणपणाचे आहे. माझ्या मते नवख्याने एकच चिप निवडावी आणि तिची सगळी भावंडे गोळा करावीत. मी ४११६ सुचवतो.

ही १६,३८४ बिटांची, १६ पायांची डायनॅमिक रॅम मॉस्टेक कंपनीने १९७६ साली बाजारात आणली आणि पुढची सात-आठ वर्षे घरगुती संगणकांचे जग तिच्यावर चालले. ॲपल टू, १९८१ चा पहिला आयबीएम पीसी, १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम, सगळ्यांत ती आहे. डायनॅमिक रॅममध्ये प्रत्येक बिट म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि त्यामागे विद्युत्‌भाराचा एक थेंब धरणारा इवलासा कपॅसिटर. ही कल्पना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची, पेटंट १९६८ चे. थेंब गळत राहतो म्हणून दर दोन मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ ताजी करावी लागते. गळक्या हंड्यांच्या रांगेत अखंड पाणी भरत फिरणारा गडी डोळ्यांपुढे आणा. एवढ्या खटाटोपाने चालणाऱ्या मेमरीने शांतपणे बसून राहणाऱ्या कोअरला बाजारातून उठवले, याचे कारण तिची स्वस्ताई आणि आटोपशीरपणा.

गंमत अशी की ४११६ अनेक कंपन्यांनी बनवली आणि प्रत्येकीने तिला आपले नाव दिले. मॉस्टेकची एमके ४११६, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस ४११६, एनईसीची नुसती ४१६, हिताचीची एचएम ४७१६, फुजित्सूची एमबी ८११६. हे ठाऊक नसलेला विक्रेता ‘४११६ नाही’ म्हणून सांगतो आणि तीच त्याच्यासमोरच्या डब्यात पडलेली असते. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाची जुनी सर्किट कार्डे विकणाऱ्यांकडे ‘रॅम द्या’ असे न म्हणता कार्डांचा डबा स्वतः चाळू द्यावा अशी विनंती करा. आठ किंवा नऊ सारख्या चिपांची ओळ दिसली की थांबा. आठ असतील तर आठ बिटांच्या बाइटचा एकेक बिट एकेका चिपेत. नववी असेल तर ती चूक शोधण्यासाठीच्या पॅरिटीची आणि मग ते कार्ड बहुधा पीसीच्या घराण्यातले.

चिपवरचा चार आकडी तारीख-संकेत वाचायला शिका. ८२३४ म्हणजे १९८२ चा ३४ वा आठवडा. आकडे अनेक असतात आणि त्यातील कोणता तारखेचा हे सुरुवातीला कळत नाही. शेवटचे दोन आकडे ५३ च्या पुढे गेले तर तो तारखेचा नाही, एवढे लक्षात ठेवले तरी बराच गोंधळ टळतो.

चालवून पाहायची हौस असेल, तर सावध. ४११६ ला अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. उणे ५ नसताना उरलेले दोन दिले, तर चिप तापून मरते. जुन्या संगणकांत एकाच वेळी अनेक ४११६ गेलेल्या आढळल्या, तर दोष बहुतेक वेळा वीजपुरवठ्याच्या त्या उणे पाचात असतो. आठ चिपा बदलून नवव्या दिवशी पुन्हा त्याच जागी येणारे दुरुस्ती-कलाकार मी पाहिले आहेत, आणि एके काळी मीही त्यांच्यातलाच होतो.

प्रश्न : अलीकडच्या, म्हणजे २००० नंतरच्या रॅमच्या पट्ट्या जमवण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : प्रत्येक प्रकारची एक पट्टी ठेवा. ३० पायांची सिम (ही रॅमची जुन्या प्रकारची पट्टी, मोबाइलची नव्हे), ७२ पायांची सिम, एसडीरॅम, रॅम्बस आणि डीडीआरच्या पिढ्या. डबाभर एकसारख्या पट्ट्या ठेवण्यात मला तरी रस नाही. अपवाद रॅम्बसचा : तिच्या रिकाम्या खाचांतही एक कोरी पट्टी घालावी लागे, आणि लोक ती कोरी पट्टी निरुपयोगी समजून हमखास फेकून देतात. ती मिळाली तर ठेवा.

प्रश्न : माझे यजमान एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करीत. त्यांच्या सामानात पोटावर काचेची गोल खिडकी असलेल्या बऱ्याच चिपा आहेत. आतला चमकता तुकडा इतका सुंदर दिसतो की नातीने सगळ्यांवरचे कागदी चिकटपट्टे काढून त्या खिडकीत मांडून ठेवल्या आहेत. त्यांना काही अपाय होईल का?
— एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : आज संध्याकाळपर्यंत त्या खिडकीतून उचला. नातीला रागावू नका. तो तुकडा खरोखरच सुंदर असतो.

या चिपांना ईप्रॉम म्हणतात. इंटेलमधील डोव्ह फ्रोमन यांनी १९७१ साली पहिली ईप्रॉम, २,०४८ बिटांची १७०२, तयार केली. तिच्यात लिहिलेला मजकूर वीज गेल्यावर टिकतो, मात्र अतिनील प्रकाश पाडला की पुसला जातो आणि चिप पुन्हा लिहिता येते. ती खिडकी क्वार्ट्‌झची आहे, कारण साधी काच तेवढा अतिनील प्रकाश आत जाऊ देत नाही. पुसण्याच्या खास दिव्याखाली १५ ते २० मिनिटे पुरतात. उत्पादकांनीच दिलेल्या माहितीनुसार थेट उन्हात सुमारे आठवड्यात आणि ट्यूबलाइटच्या उजेडात सुमारे तीन वर्षांत मजकूर जाऊ शकतो. खिडकीच्या काचेआडून येणारे ऊन सौम्य असते, त्यामुळे अजून सगळे गेले असेल असे नाही.

प्रत्येकीवर अपारदर्शक पट्टी लावा. चांदीसारख्या कागदाची उत्तम. काढलेले जुने चिकटपट्टे फेकले नसतील, तर ते चिपेहून मोलाचे समजा. यजमानांच्या अक्षरात त्यावर यंत्राचे नाव, आवृत्ती, तारीख लिहिलेली असेल. कोणता पट्टा कोणत्या चिपेवर होता हे नातीला आठवते का, हे आधी विचारा आणि आठवत नसेल तर अंदाजाने चिकटवू नका. वेगळ्या पाकिटात ठेवा.

नंतर ज्याच्याकडे ‘प्रोग्रॅमर’, म्हणजे ईप्रॉम वाचण्या-लिहिण्याचे यंत्र आहे, अशा एखाद्या जाणकाराकडून त्या वाचून घ्या. दोनदा वाचायला सांगा आणि दोन्ही नकला जुळतात का ते पाहायला सांगा. न जुळल्यास चिप क्षीण झाली आहे असे समजावे. त्या जाणकारास माझ्या वतीने एक सूचना द्या : २७०८ या ईप्रॉमला तीन व्होल्टेज लागतात आणि आजचे बहुतेक स्वस्त प्रोग्रॅमर ती वाचत नाहीत. इंटेलची २७१६ एकट्या ५ व्होल्टवर चालते, पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस २७१६ नाव तेच घेऊन तीन व्होल्टेज मागते. नावावर विसंबून चिप बसवली की घोटाळा झालाच. कारखान्यातले ते यंत्र कुठे अजून चालू असेल, तर ही नक्कल त्यांना उपयोगी पडू शकते.

प्रश्न : पांढऱ्या सिरॅमिकच्या, सोनेरी झाकणाच्या चिपा भंगारवाला वेगळ्या दराने मागतो. घरीच सोने काढता येते असेही ऐकले. शिवाय बनावट चिपा असतात म्हणे, त्या कशा ओळखाव्यात?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : सोन्याचे आधी. तो मुलामा मायक्रॉनच्या हिशेबातला असतो. घरी ॲसिड उकळून तो काढणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर सोने आणि छातीभर विषारी वाफ येते; उरलेले शिशाचे, तांब्याचे पाणी कुठे ओतणार हा प्रश्न वेगळाच. दिल्लीतील सीलमपूरसारख्या ठिकाणी या कामाने माणसांचे आणि जमिनीचे काय झाले, हे वारंवार छापून आले आहे. सत्तरच्या दशकातील सोनेरी झाकणाची मेमरी चिप दुर्मीळ झाली, ती लोकांनी तिला सोने समजून वितळवल्यामुळेच. संग्राहक तिच्यासाठी भंगारापेक्षा कितीतरी अधिक मोजतो, म्हणून निव्वळ व्यवहार म्हणूनही वितळवणे हा आतबट्ट्याचा धंदा आहे.

बनावटपणाबद्दल स्वतःचीच फजिती सांगतो. एका परदेशी विक्रेत्याकडून मी इंटेल ११०३ घेतली. १९७० साली आलेली ही १,०२४ बिटांची डायनॅमिक रॅम, जिने कोअरचे दिवस भरल्याची पहिली घंटा वाजवली, ती माझ्या संग्रहात नव्हती. आली ती काळ्या प्लास्टिकची, १८ पायांची, १९७१ चा संकेत असलेली. सगळे बरोबर होते. किंचित जास्तच बरोबर होते. अक्षरे कोरीव आणि एकसारखी होती, तर त्या काळातली छपाई शाईची, थोडी फिसकटलेली असते. पाठीचा पोत पोटापेक्षा निराळा होता आणि पहिल्या पायाजवळची खळगी अर्धवट बुजलेली. ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फिरवला तर कापूस काळा झाला आणि रंगाखालून २११४ हा आकडा डोकावला. तीही १८ पायांचीच, पण स्टॅटिक, म्हणजे सतत ताजी करावी न लागणारी रॅम, आणि कितीतरी पुढची आणि बाजारात ढिगाने मिळणारी. ती चिप मी मुद्दाम जपून ठेवली आहे.

खऱ्या चिपेवर मात्र ॲसिटोन वापरू नका. मूळ शाईही निघू शकते. आधी भिंग, मग छायाचित्रांशी तुलना, आणि पोटाकडील एका कोपऱ्यावर, जिथे छपाई नाही, तिथेच कापूस.

प्रश्न : आमच्याकडे पावसाळ्यात चपलांनासुद्धा बुरशी येते. अशा हवेत चिपा आणि कार्डे कशी टिकवावीत?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तीन शत्रू लक्षात ठेवा आणि त्यांपैकी दोन संग्राहकानेच घरात आणलेले असतात.

पहिला, काळा स्पंज. चिपा खोचून ठेवण्यासाठीचा हा वीजवाहक स्पंज नवा असताना उत्तम. वीस-तीस वर्षांनी तो चिकट होऊन भुगा होतो आणि पायांना गंज आणतो. जुन्या स्पंजात खोचलेली चिप घेतलीत तर त्याच दिवशी बाहेर काढा. दुसरा, कार्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची पिंपासारखी बॅटरी. तिच्यातून फुटणारा क्षार पट्ट्या खात खात शेजारच्या चिपांपर्यंत पोहोचतो. मूळ स्थितीचा आग्रह मी एरवी धरतो, पण ही बॅटरी काढून टाकण्याबाबत माझ्या मनात शंका नाही. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्या. तिसरा शत्रू तुमची दमट हवा. स्थिर विजेपासून रक्षण करणारी पिशवी, तिच्यासकट घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल, आणि जेल दर पावसाळ्यापूर्वी तापवून कोरडे केलेले. गादीखाली, लोखंडी कपाटाच्या तळाशी किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून डबा ठेवू नका.

काही चिपांचे पाय काळे पडलेले दिसतील. ती बहुधा चांदीच्या मुलाम्यावर आलेली काजळी असते, देवाच्या उपकरण्यांवर येते तशीच. संग्रहात ठेवायची चिप असेल तर तशीच राहू द्या. चांदी घासण्याची पावडर या कामासाठी नाही.

प्रश्न : मी तीस वर्षांपासून अमेरिकेत आहे. कंपनीने टाकून दिलेल्या सामानात इंटेल ७११० असे लिहिलेला धातूच्या कवचातला जाड भाग मिळाला. वर बारीक आकडे आणि इंग्रजी अक्षरे यांच्या ओळी छापल्या आहेत. उघडून आत पाहावे का? भारतात एखाद्या संग्रहाला द्यावा की येथेच?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : कृपया उघडू नका. आपल्या हाती बबल मेमरी आहे, आणि मी ती आजवर काचेपलीकडूनच पाहिली आहे, हे थोड्या हेव्याने कबूल करतो.

बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक आणि सहकाऱ्यांनी साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ही कल्पना विकसित केली. गार्नेट जातीच्या स्फटिकाच्या चकतीवर चुंबकीय गार्नेटचाच पातळ थर चढवतात आणि वरून कायम चुंबकाचे क्षेत्र ठेवतात. त्या थरात उलट दिशेने चुंबकित झालेले सूक्ष्म गोल ठिपके तयार होतात, तेच बुडबुडे. बुडबुडा असला तर एक, नसला तर शून्य. एकमेकांना काटकोनात गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांतून फिरते चुंबकीय क्षेत्र निर्माण केले की बुडबुडे ठरलेल्या वाटांनी, बंद वळसे घेत पुढे सरकत राहतात. चकती स्वतः जागची हलत नाही. आपली ७११० ही १९७९ ची, १० लाखांहून अधिक बिटांची. वीज गेली तरी मजकूर राहतो, धूळ आणि धक्के सोसते, म्हणून १९८२ च्या ग्रिड कंपास या सुरुवातीच्या घडीच्या संगणकात बबल मेमरीच होती. ती हरली वेगात आणि किमतीत : हवा तो बिट वळसा पुरा करून दारापाशी येईपर्यंत थांबावे लागे, आणि तेवढ्यात हार्ड डिस्क स्वस्त झाली.

कवच चुंबकीय संरक्षणासाठी आहे. ते उघडले की आतल्या चुंबकांचा मेळ बिघडण्याचा आणि स्फटिक तडकण्याचा धोका आहे. वरच्या त्या आकड्या-अक्षरांच्या ओळी म्हणजे कारखान्यात सदोष ठरलेल्या वळशांची यादी. बनवतानाच काही वळसे बाद निघतील हे गृहीत धरून जास्तीचे वळसे ठेवलेले असत, आणि कोणते वापरायचे नाहीत हे त्या विशिष्ट नगासाठी मोजून त्याच नगावर छापत. ते लेबल पुसट झाले असेल तर तिरप्या उजेडात आताच त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्या, कारण ती यादी दुसऱ्या कोणत्याही ७११० ला लागू पडत नाही.

द्यायचे असल्यास माझे मत तिथेच देण्याच्या बाजूचे आहे. हा भाग तिथल्या उद्योगात घडला, वापरला आणि टाकला गेला. आपल्याच राज्यात वॉल टाउनशिप येथील इन्फोएज संकुलात जुन्या संगणकांचे संग्रहालय आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावर माउंटन व्ह्यू येथे कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम. देताना तो कोणत्या उपकरणातून निघाला ते लिहून द्या, आणि त्याच्या सोबतीच्या नियंत्रक चिपांचे कार्ड त्या सामानात अजून पडले असेल तर तेही उचलून आणा. कचऱ्याची गाडी येण्यापूर्वी.